टोस्टमास्टर्सबद्दल थोडी भर

नवीन टीम लीडने मीटिंगमध्ये बोलायला कसं शिकावं, या प्रश्नावर आतापर्यंत पुस्तकं आणि व्हिडिओच सुचवले गेलेत. त्यात टोस्टमास्टर्सची भर घालतो. लोकांसमोर बोलण्याचा सराव करून घेणारी, १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही संस्था. पुण्या-मुंबईत तिचे बरेच क्लब आहेत, काही तर कंपन्यांच्या ऑफिसातच भरतात. आधी पाहुणे म्हणून एखादी सभा बघा, मगच पैसे भरा.

मला सगळ्यात कामाचं वाटतं ते सभेतलं टेबल टॉपिक्सचं सत्र. विषय ऐनवेळी मिळतो, बोलायचं एक ते दोन मिनिटं. मिनिट झालं की हिरवी खूण, दीडला पिवळी, दोनला लाल. एक जण नुसते तुमचे 'अं', 'म्हणजे', 'बेसिकली' मोजत बसतो आणि शेवटी सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवतो! (टाळ्या जरा जास्तच वाजतात, तेवढं चालवून घ्या.) भाषणावर अभिप्राय देणाऱ्यालाही दोन-तीनच मिनिटं असतात. ज्युनियरला त्याचं काय चुकलं ते न दुखावता सांगायचा सराव खरा इथे होतो. पुढे क्लबची पदं अंगावर येतात. तिथे कुणी तुमच्या हाताखालचा नसतो, त्यामुळे गोडीगुलाबीनेच कामं करून घ्यावी लागतात.

सभेला जाणं जमत नसेल तर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सॉफ्ट स्किल्सचे कोर्स फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरायची. पण त्यातल्या असाइनमेंट बऱ्याचशा पर्याय निवडायच्या असतात, तोंड उघडावंच लागत नाही.