मदत हवी आहे: लायसन्स न लागणारी छोटी गाडी – सिट्रोएनची आमी घेऊ की एक्साम कंपनीची जुनी गाडी?

सानिका_के
लवकर सांगा प्लीज. पुढच्या महिन्यापासून माझी पहाटेची शिफ्ट लागतेय. घर ते काम दहाएक किलोमीटर, आणि त्या वेळेला बस नाही. भारतातलं लायसन्स आता चालत नाही, वर्ष उलटून गेलं. पर्मीच्या, म्हणजे इथल्या लायसन्सच्या, परीक्षेची तारीख मिळता मिळत नाहीये. कामावरची एक बाई म्हणाली, बिनलायसन्सची छोटी गाडी घे, तिची आई रोज चालवते. एक जुनी एक्साम बघून ठेवलीय, पण मालक रविवारनंतर थांबणार नाही म्हणतो. ज्यांनी स्वतः चालवलीय त्यांनीच लिहा. सायकल घ्या, असं कृपया कोणी सुचवू नका.

घाटमाथा
ताई, देश कुठला? आपल्याकडे बिनलायसन्सची चारचाकी नसते. बजाजची क्यूट याच जातीची, क्वाड्रिसायकल, पण तिलाही लायसन्स लागतंच. मी वाळूजला नोकरीला होतो, ती तिथेच बनायची. २१६ सीसीचं इंजिन, वेग ७० पर्यंत, रिक्षापेक्षा कितीतरी सुरक्षित. चार भिंती आणि छप्पर आहे, पावसात माणूस कोरडा राहतो. लोकांनी तिला न्याय दिला नाही.

नीलिमा_पॅरिस
पर्मी म्हणतेय म्हणजे फ्रान्समध्येच असणार. सानिका, दोनच गोष्टी सांग. तुझं जन्मसाल काय, आणि रस्ता कुठून कुठे? त्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी उपयोग नाही.

सानिका_के
हो, फ्रान्स. तूलूझ. जन्मसालाचा काय संबंध? गाडीचं विचारतेय मी.

नीलिमा_पॅरिस
सगळा संबंध तिथेच आहे. १ जानेवारी १९८८ च्या आधी जन्मलेल्यांना हलकी क्वाड्रिसायकल, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या वर न जाणारी ही छोटी गाडी, कुठल्याही पर्मीशिवाय चालवता येते. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्यांना, दुसरं कुठलं पर्मी नसेल तर, पर्मी आ-एम लागतंच. 'सां पर्मी', म्हणजे बिनलायसन्स, हे नाव जुन्या दिवसांतलं आहे, आज ते निम्म्या लोकांना लागू होत नाही. तुझ्या मैत्रिणीची आई १९८८ च्या आधीची असणार, म्हणून ती बिनधास्त चालवते.

सानिका_के
माझा जन्म फेब्रुवारी १९८८ चा आहे. एका महिन्यासाठी अडले का मी? ऑफिसात एकालाही हे माहीत नव्हतं.

मंदार_ल्यों
अडली नाहीस. आ-एम म्हणजे पूर्ण पर्मी नव्हे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ८ तासांचं प्रशिक्षण असतं, शेवटी परीक्षा नाही. मात्र त्याआधी रस्तासुरक्षेचं प्रमाणपत्र हवं. इथली मुलं ते शाळेतच घेतात. आपल्यासारख्यांसाठी ए-एस-एर नावाचं प्रमाणपत्र असतं, त्याची परीक्षा ग्रेता नावाच्या प्रौढ शिक्षण केंद्रात देता येते. उद्याच फोन कर, कारण गाडी मिळण्यापेक्षा ती तारीख मिळायला जास्त वेळ लागेल. आणि प्रशिक्षणाला नाव देताना क्वाड्रिसायकलचंच हवं असं स्पष्ट सांग, नाहीतर स्कूटरच्या गटात टाकतील.

तूलूझची_अवनी
रस्ता सांग गं. तूलूझमध्ये खरा प्रश्न तोच आहे. मी वर्षभर आमी चालवली. पेरीफेरिकवर (शहराभोवतीच्या रिंगरोडवर) बंदी, ऑटोरूटवर (मोटरवेवर) बंदी, आणि निळ्या पाटीवर पांढरी मोटार दिसली की तोही रस्ता आपल्यासाठी बंद.

सानिका_के
घर कोलोमिए, काम ब्लान्याक, विमानतळाच्या बाजूला. नवरा एरवी ११ मिनिटांत सोडतो, पण त्याची पाळी उलटी आहे.

तूलूझची_अवनी
तो ११ मिनिटांत सोडतो कारण तो एन१२४ या जलद रस्त्यावरून जातो. तुला तो घेता येणार नाही. आणि घर-काम यांच्या मध्ये अख्खा विमानतळ पसरलाय, आरपार जायची सोय नाही. एकतर दक्षिणेने रूत द बायोन धरून प्युर्पांवरून वळायचं, नाहीतर उत्तरेने कोर्नबार्‍यूवरून. दोन्हीकडे सिग्नल आणि गोल चौक, ४५ च्या वेगाने २५-३० मिनिटं धर. फोनमध्ये 'मोटरवे टाळा' लावून विसंबू नकोस, तो तरीही एखाद्या जलद रस्त्याच्या तोंडाशी नेऊन उभा करतो. मला एकदा मागे ट्रकची रांग आणि समोर ती निळी पाटी, अशा अवस्थेत त्याने सोडलं होतं. रविवारी नवऱ्याबरोबर त्याच्या गाडीतून, ४५ च्या वर न जाता, पूर्ण रस्ता एकदा फिरून बघ. मगच पैसे दे.

रेल्वेप्रेमी
कोलोमिएहून आरेनपर्यंत रेल्वे आणि तिथून टी१ ट्राम थेट ब्लान्याकला. कशाला गाडीच्या फंदात पडता?

सानिका_के
पहाटेची शिफ्ट असं पहिल्याच ओळीत लिहिलंय. त्या वेळेला हे जमत नाही, बघून झालंय.

मंदार_ल्यों
आता गाडीबद्दल. मी आमी घे म्हणेन. नवी आहे, घरच्या प्लगवर ३-४ तासांत भरते, कंपनी ७५ किलोमीटर सांगते. तुला जाऊन-येऊन वीसेक लागतील. लांबी २.४१ मीटर, कुठेही मावते.

तूलूझची_अवनी
७५ चा आकडा उन्हाळ्यातला. जानेवारीत तो बराच खाली येतो आणि काचांवर इतकी वाफ धरते की पहिली पाच मिनिटं हातात फडकं घेऊनच बसायचं. पहाटेची शिफ्ट म्हणजे हे रोजचं. उन्हाळ्यात उलट त्रास, एसी नाही, खिडकीचा खालचा अर्धा भाग नुसता वर दुमडतो. तरी मला ती आवडायची. माझा मुद्दा एवढाच की प्लग कुठे आहे ते आधी बघ. चार्जिंगची केबल गाडीलाच जोडलेली असते, आणि आखूड असते.

मंदार_ल्यों
सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग बसवायचा हक्क भाडेकरूलाही आहे, 'द्र्वा आ ला प्रीझ' म्हणतात.

तूलूझची_अवनी
हक्क आहे, पण अर्ज, पत्रव्यवहार, इलेक्ट्रिशियन यात कित्येक आठवडे जातात. तिला पुढच्या महिन्यात गाडी हवीय.

अनंतकाका_नान्त
मी डिझेलवाली एक्साम वापरतो, दोन सिलिंडरचं कुबोटा इंजिन. आवाज भरपूर, पण हीटर चालतो आणि प्लग शोधत फिरावं लागत नाही. जुनी घेताना मालकाकडे कोंत्रोल तेक्निकचा, म्हणजे गाडीच्या तांत्रिक तपासणीचा, कागद मागा. १५ एप्रिल २०२४ पासून या गाड्यांनाही तपासणी लागू झाली. गाडी ५ वर्षांहून जुनी असेल तर विकताना ६ महिन्यांच्या आतला कागद मालकानेच द्यायचा असतो. रविवारची घाई करणारा तो मालक हा कागद दाखवतोय का?

सानिका_के
कागदाचं तो काहीच बोलला नाही, काका. गाडी २०१६ ची आहे.

अनंतकाका_नान्त
मग कागद हातात येईपर्यंत एक पैसा देऊ नका. आणि विमा आधीच विचारा, त्याशिवाय रस्त्यावर काढता येत नाही.

घाटमाथा
इतके पैसे घालायचे तर मोठी क्वाड्रिसायकल का नाही घेत? ती ४५ ला अडकत नाही.

नीलिमा_पॅरिस
दादा, मोठीला इथे पर्मी बी-१ लागतं. जे तिच्याकडे नाही त्याचाच प्रश्न आहे. आणि तुम्ही क्यूट सुरक्षित म्हणालात, तिला गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपने २०१६ मध्ये ५ पैकी १ तारा दिला होता. सानिकासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण आमीतही एअरबॅग नाही, एबीएस नाही. ८० च्या रस्त्यावर मागून कोणी आलं तर आडोसा फार थोडा.

घाटमाथा
एक तारा मोटारीच्या तुलनेत कमी असेल. ज्या माणसाकडे पर्याय म्हणून फक्त दुचाकी आहे त्याला मोटारीशी तोलून कसं चालेल?

नीलिमा_पॅरिस
क्वाड्रिसायकलच्या चाचण्या मोटारींपेक्षा वेगळ्या आणि सौम्य असतात. तारे त्यातले आहेत.

सानिका_के
क्यूटचं दुसरीकडे बोलाल का? मी सकाळी ग्रेता आणि ड्रायव्हिंग स्कूल दोघांना फोन लावते. मालकाला कागद मागितलाय, उत्तर नाही. अवनी, प्युर्पांवरून जावं की कोर्नबार्‍यूवरून? पहाटे अंधार असेल.

तूलूझची_अवनी
प्युर्पांवरून. दिवे जास्त, वेगाने मागे लागणारे कमी. जुनी एक्साम बघायला गेलीस तर मागचे दिवे आधी लावून बघ, जुन्या गाड्यांत ते फार मिणमिणते असतात. आणि आ-एम हातात येईपर्यंतचं काय? तुझ्या शिफ्टला कोलोमिएहून येणारं कोणी आहे का, ते ऑफिसात विचारलंस?

सानिका_के
नाही विचारलं. आज विचारते.