कार्ड घासून रोख: बिल असलं तरी व्यवहार खोटाच

पैशांची नड असली की काही जण सुचवतात, पेठेतल्या ओळखीच्या दुकानात क्रेडिट कार्ड घासा, अडीच टक्के कापून रोख घ्या. मोबाईल विकल्याचं बिल मिळतं, मग अडचण काय? अडचण त्या बिलातच आहे. माल न देता बिल फाडलं तर जीएसटी कायद्याच्या कलम १२२ नुसार दुकानदाराला किमान १०,००० रुपये दंड लागू शकतो. बिलावर नाव तुमचं, पण त्यावरच्या आयएमईआय नंबरचा (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) फोन भलत्याच्याच खिशात. तो फोन उद्या एखाद्या गुन्ह्यात सापडला, तर पोलीस आधी तुमचं दार वाजवतील.

हिशोबही बघा. ५०,००० घासले की हातात ४८,७५०. देय तारखेला पूर्ण रक्कम भरली नाही, तर व्याज व्यवहाराच्या दिवसापासून लागतं. महिना साडेतीन टक्के धरले तरी १,७५०, वर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५.

एकाच मशीनवर दर महिन्याला गोल आकडे दिसले की बँकेला संशय येतो. कार्ड बंद होतं, दुकानाचं मशीनही जातं. कृपा करून मित्राचं कार्ड तरी यात ओढू नका, कर्ज त्याच्याच नावावर चढतं.

दुकानातून रोख काढायची अधिकृत सोय डेबिट कार्डावर आहे: मशीनवर ‘सेल’ (विक्री) नव्हे, रोख काढण्याचा पर्याय निवडायचा, पिन टाकायचा आणि पावती घ्यायची. क्रेडिट कार्ड त्यात बसत नाही.