सईच्या बेडकांची पेटी (ग्रुप : वाड्यातली मंडळी)

शनिवार

सई : मेलेल्या बुक्काचा रिपोर्ट आला. कायट्रिडच निघाला. उरलेल्या दोघांच्या, हळद आणि भंडाराच्या, पोटावरून, मांड्यांवरून कापसाची काडी फिरवून नमुने दिले होते, तेही पॉझिटिव्ह आलेत.

आई : अगं बाई. तुला काही होणार नाही ना त्याचं?

सई : नाही गं. माणसाला होत नाही. कातडीला होणारी बुरशी आहे, फक्त बेडकांच्या जातकुळीला धरते.

ओंकार : बुक्का म्हणजे काळा जास्त होता तोच ना ताई? वाईट झालं राव.

सई : तोच. सोमवारी खात होता, गुरुवारी सकाळी पाण्याच्या वाटीशेजारी पाय पसरून पडलेला.

ओंकार : आजी सांगतेय, मी टाइप करतोय : "तसले विषारी बेडूक घरात ठेवायचेच कशाला? आमच्यात पाऊस लांबला की पोरं धोंडी काढायची, बेडूक काठीला बांधून गावभर फिरवायची. फिरवून झालं की ओढ्यात सोडून द्यायची. घरात नाही आणायची."

सई : आजी, माझे विषारी नाहीत. जात व्हेनेझुएलाकडची आहे, पण जंगलात ते विष मुंग्या आणि बारीक कोळीकिडे खाऊन अंगात साठतं. माझे इथेच काचेत जन्मलेले, फळमाश्या खाऊन वाढलेले. विष येणार कुठून?

आत्या : सई, बुरशी कातडीला होते म्हणतेस. मग जीव कशाने गेला?

सई : बेडूक तोंडाने पाणी पीत नाही आत्या, कातडीतून घेतो. क्षारही कातडीतूनच सांभाळतो. बुरशीने कातडी जाड झाली की सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि हृदय थांबतं.

आत्या : आमच्या वॉर्डात जुलाबाच्या पेशंटचं होतं तसंच की. औषध काय दिलंय?

सई : इट्राकोनाझोल. ०.०१ टक्क्याचं पाणी, रोज पाच मिनिटं अंघोळ, ११ दिवस.

आत्या : गजकर्णाला देतात ते?

सई : तेच 😀 प्राण्यांच्या डॉक्टरांनी मोजून दिलंय. दोघं सध्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, ओल्या टिश्यूवर, वेगवेगळे. टिश्यू रोज बदलते. खरा प्रश्न पेटीचा आहे. ६० बाय ४५ बाय ६० सेंटीमीटरची काच, आत वर्षभर वाढलेलं जंगल. ते सगळं उपसून पेटी निर्जंतुक केल्याशिवाय त्यांना परत सोडता येणार नाही.

आई : डेटॉल टाक की दोन झाकणं. नाहीतर फिनेल.

सई : आई नको!! कातडीतून पाणी पिणारा प्राणी आहे. फिनेलचा अंश काचेला राहिला तरी तो पिणार. साबणसुद्धा नाही लावायचा.

आत्या : हायपो घे. एक टक्का. आम्ही फरशीवर रक्त सांडलं की तेच टाकतो.

काका : हायपो आत्ता नाही, सगळ्यात शेवटी. हायपोने क्लोरीन मरतं.

आत्या : दादा, काहीतरीच काय. हायपो म्हणजेच क्लोरीन.

काका : २२ वर्षं डार्करूममध्ये हात बुडवलेत मी हायपोत. मला शिकवतेस?

ओंकार : 🍿

आत्या : आणि मी ३० वर्षं हायपोने वॉर्ड पुसलाय.

सई : थांबा थांबा, दोघं वेगळं बोलताय. आत्याचं हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीच. काकांचं हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटो फिक्स करायचं. बरोबर ना काका?

काका : बरोबर. म्हणजे आत्याचं विष आणि माझा उतारा. नाव एकच. दुकानदाराला नुसतं हायपो म्हणालीस तर काय हातात देईल देव जाणे. ओंकार, तू फिशटँकमध्ये टाकतोस ना ते अँटीक्लोर, ते माझं हायपो.

ओंकार : आयला, व्हय?

आत्या : मान्य. बाटलीवर किती टक्के लिहिलंय सई?

सई : साडेचार.

काका : मग एक लिटर ब्लीच आणि साडेतीन लिटर पाणी. झालं एक टक्का. बाटली ताजी घे, उघडून ठेवलेलीचा जोर कमी होतो.

आत्या : आणि आधी पेटी घासून-धुऊन घे, हायपो नंतर. माती-शेवाळ तसंच ठेवून हायपो ओतलंस तर सगळा जोर त्या घाणीतच संपतो. पालथ्या घड्यावर पाणी. नवीन सिस्टरना मी हेच सांगून सांगून थकले.

सई : एक टक्क्यात ही बुरशी मिनिटभरात मरते म्हणे. मी १५ मिनिटं ठेवणार आहे. सिलिकॉनच्या कोपऱ्यांचा भरवसा नाही.

रविवार

सई : (फोटो) रिकामी पेटी. घासून ब्लीच मारलंय. वर्षभर फवारलेल्या पाण्याचे पांढरे डाग मात्र काचेवर तसेच आहेत.

आई : व्हिनेगर फवार, लखलखीत निघेल. मी नळ तसेच काढते.

काका : थांब! व्हिनेगर नाही! ब्लीचवर आंबट काहीही पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हात लावू नकोस.

काका : सई?

काका : सई फोन उचल.

सई : उचलला की काका. फवारा भरून हातात होता माझ्या. खिडकी उघडली, बाटली बाल्कनीत नेऊन ठेवली.

आई : देवा. मला काय माहीत असलं.

आत्या : वहिनी, संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करून खोकत दवाखान्यात आलेल्या बायका मी पाहिल्यात. तुमच्याही बाथरूममध्ये दोन्ही बाटल्या शेजारी आहेत, आज वेगळ्या करा.

सई : आता तीनदा साध्या पाण्याने, एकदा काकांच्या हायपोने आणि परत पाण्याने धुतली. वास गेला. पंख्याखाली तीन दिवस कोरडी होऊ देते. ही बुरशी पाण्यातली आहे, तिचे बीजाणू शेपटीने पोहत जातात. पूर्ण वाळलं की मरतात. डाग नंतर, सगळं सुकल्यावर बघू.

ओंकार : आतल्या लाकडांचं काय केलंस?

सई : लाकूड ब्लीच पिऊन बसतं आणि नंतर महिनाभर सोडत राहतं, म्हणून लाकडाला उष्णताच. ६० अंशांत बुरशी पाच मिनिटांत मरते, पण जाड लाकडाच्या पोटापर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो. दोन फांद्या ओव्हनमध्ये १२० वर तासभर भाजल्या. मोठा बुंधा मावेना, तो टाकला. तो माझा सगळ्यात आवडता होता. सुकी पानं नवीन आणून उकळणार. शेवाळ टाकलं. ब्रोमेलिया पण टाकले, त्यांच्या पानांच्या खोबणीत कायम पाणी साचलेलं असतं, तिथे काय लपून बसेल सांगता येत नाही.

आई : मनीप्लांट टाकू नकोस गं.

सई : नाही टाकला. मुळं कापली, वरच्या काड्या एकाला वीस ब्लीचमध्ये मिनिटभर बुडवल्या, धुतल्या, हायपोत बुचकळल्या (काकांच्या!). दोन पानं पिवळी पडलीत. जगेल.

ओंकार : आणि माती? बाल्कनीतल्या कुंड्यांत टाक की. भारी खत.

सई : तेच तर करायचं नाही. इथे नेदरलँड्समध्येच तासाभरावर लिंबर्ग प्रांत आहे, तिथल्या जंगलात आगसालामांडर असायचे, म्हणजे बेडकांचे शेपटीवाले नातलग. काळे कुळकुळीत, अंगावर पिवळे ठिपके. थेट माझ्या हळदीचे भाऊबंद वाटावेत असे. २०१० च्या सुमारास ते मरायला लागले आणि काही वर्षांत शंभरातले चारसुद्धा राहिले नाहीत. २०१३ मध्ये कारण सापडलं : कायट्रिडचीच सख्खी बहीण, नवीनच जात. आशियातली, पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून इकडे आली असं मानतात. आशियातले सालामांडर तिच्याबरोबर जगायला शिकलेत, इथल्यांना ती ठाऊकच नव्हती. कुणीतरी कधीतरी पेटी धुतली असेल, पाणी नाल्यात ओतलं असेल. त्याला पत्ताही नसेल.

सई : म्हणून माती दुहेरी पिशवीत गाठ मारून साध्या कचऱ्यात, तो इथे जाळतात. ओल्या कचऱ्यात नाही, त्याचं खत होतं. धुतलेल्या पाण्यातसुद्धा ब्लीच घालून तासाने मोरीत ओतलं.

ओंकार : 🙏 कळलं.

काका : आपल्या सह्याद्रीत आहे का ही?

सई : सालामांडरवाली नाही, पण बुक्काला झाली ती पश्चिम घाटातल्या बेडकांवरही सापडलीय. मात्र ऑस्ट्रेलियात, मध्य अमेरिकेत जसे धडाधड मेले तसं आपल्याकडे दिसलेलं नाही. ती मूळची पूर्व आशियातलीच असं म्हणतात. तरी बाहेरचा नवा वाण आणून टाकायला नको.

पुढचा शनिवार

सई : (फोटो) पाहा! खाली भाजलेल्या मातीच्या गोळ्या पाच सेंटीमीटर, म्हणजे जादा पाणी तिथे उतरतं. वर डासांची जाळी. त्यावर नारळाचा भुसा, ऑर्किडची साल, कोळसा. वर उकळलेली ओक-बीचची पानं. मनीप्लांटने नवीन पान काढलंय.

आई : छान दिसतंय. बेडूक कुठे?

सई : अजून महिनाभर नाही. अंघोळी संपत आल्यात, पण औषध थांबल्यावर काही आठवड्यांनी परत काडी फिरवायची. निगेटिव्ह आले तरच. तोवर आतली माती जिवंत व्हायला हवी. आज उड्या मारणारे किडे सोडलेत, स्प्रिंगटेल म्हणतात. मीठाच्या कणाएवढे, पांढरे. कोळशावर वाढवून विकतात.

आई : एवढं उकळलंस, भाजलंस, धुतलंस आणि आता स्वतःच्या हाताने किडे सोडतेस??

ओंकार : आजी म्हणतेय : "अगं, भांडं घासून, दूध तापवून मग विरजण लावतोच ना आपण. नासकं भांडं असलं तर विरजण काय करणार."

सई : आजी!! हेच. बेडकांची घाण आणि मातीवरचा बुरा ते खातात, उरलेले किडे बेडूक खातात. नुसती निर्जंतुक माती ठेवली तर तिच्यावर पहिली कुठली तरी वाईट बुरशीच बसते.

काका : फवारायला पाणी कुठलं?

सई : नळाचंच चालतं, इथे नळाच्या पाण्यात क्लोरीन नसतं. पण डागांमुळे आता पावसाचं वापरणार.

ओंकार : ताई, आपल्या मळ्यात पाऊस पडला की पिवळे धमक बेडूक येतात. जुन्या फिशटँकमध्ये एक जोडी ठेवली तर?

सई : ठेवू नकोस रे. ते बुलफ्रॉगचे नर, पावसाच्या पहिल्या दिवसांत पिवळे होतात. रानातला हा बेडूक धरून पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. शिवाय ते एकमेकांनाही गिळतात. मळ्यातच बघ.

काका : जुलैत येते आहेसच ना? आंबोलीला जाऊ. तिथे पठारावरचा तो पट्ट्यापट्ट्यांचा भेकही दिसेल.

सई : आंबोली टोड! २००९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आणि आंबोलीच्या आसपास सोडून जगात कुठे नाही. यायचंय हो काका. पण माझे ट्रेकिंगचे बूट आणणार नाही. ते घालूनच मी ती पेटी उपसलीय.

आत्या : एक टक्का हायपोत बुडव की.

सई : कातड्याचे आहेत आत्या, खराब होतील. तळवे घासून वाळवीन, पण आंबोलीच्या पाण्यात नाही उतरवणार.

आई : मग इथे माझ्या चपला घाल.

ओंकार : काकू, आंबोलीच्या पावसात चपला? जळवा सोडतील काय. मी उद्या लक्ष्मीपुरीत जाणार आहे, रबरी गमबूट आणतो. ताई, नंबर?

सई : इथला ३८.

ओंकार : तसला नंबर इथं कोण देणार? आपला सांग.

आई : पाच. पण जाड मोजे घालेल, सहाच आण.