दारावरचा 'एक्स'

वर एकांनी लिहिलंय की भारतातला पोलिओ सरकारी पैशाने आणि लशीने गेला, स्वयंसेवकांचं कौतुक उगाच जास्त होतं. पैसा आणि लस हवीच होती, मान्य. पण रविवारी बूथवर जी मुलं आलीच नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवसापासून घरोघरी फिरावं लागे. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाई, दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स'. 'पी' म्हणजे या घरातली सगळी मुलं झाली. 'एक्स' म्हणजे इथे एखादं मूल राहिलंय, पुन्हा यायचं. माझ्या मते खरी मोहीम या 'एक्स'चीच होती. बिहारमध्ये कोसीच्या पूरपट्ट्यात लशीची थंड पेटी खांद्याला लावून माणसं पायी, नावेने जात. वीटभट्ट्या, रेल्वे स्थानकं, उभ्या गाड्यांचे डबेसुद्धा सोडले नाहीत. पश्चिम उत्तर प्रदेशात लशीबद्दल संशय होता, तिथे मौलवींनीच मशिदीतून आवाहन केलं. हे नुसत्या परिपत्रकाने होत नाही हो!

रोटरी या सेवाभावी संस्थेने १९८५ साली हे काम जगभर हाती घेतलं. १९८८ मध्ये जगात वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं लुळी पडत होती. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याची एक लहान मुलगी.

आणि पाकिस्तान, अफगाणिस्तानात पोलिओचा नैसर्गिक विषाणू अजून टिकून आहे. पाकिस्तानात अनेक ठिकाणी परक्या पुरुषांना घरात प्रवेश नसतो म्हणून बहुतेक बायकाच डोस पाजायला जातात, तुटपुंज्या मानधनावर. त्यातल्या कित्येकींना गोळ्या घातल्या गेल्या. तरी पुढच्या फेरीला पथकं पोलीस सोबत घेऊन पुन्हा निघतात.