दुसरी योजना, १२०० कोटींची तूट आणि चिंतामणरावांचा राजीनामा

मुळाकाठ : "प्रजासत्ताकाच्या पहिल्या दशकात सरकारने नोटा छापून देशाचे दिवाळे काढले आणि एकाही अर्थतज्ज्ञाने तोंड उघडले नाही," हे येथे काल लिहिले गेलेले विधान वाचून स्वस्थ बसवत नाही. पहिली पंचवार्षिक योजना (१९५१-५६) संपताना भाव सुरुवातीपेक्षा खाली होते. दुसऱ्या योजनेत (१९५६-६१) सरकारी क्षेत्राच्या ४८०० कोटींपैकी १२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे मुख्यतः नव्या नोटा काढून, उभे करायचे ठरले, तेव्हा योजनेवर सल्ला देणाऱ्या अर्थतज्ज्ञ मंडळातील अर्थशास्त्रज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्येच भिन्नमतपत्रिका लिहून भाववाढीचा इशारा दिला होता. तो मानला गेला नाही, कारण कर देणारे मूठभर आणि बचत तुटपुंजी असलेल्या देशात पोलादाच्या कारखान्यांसाठी पैसा आणायचा कुठून, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

सातारकर : उत्तर होते आणि ते स्पष्ट होते : योजना बचतीच्या मापाची करा. ते गैरसोयीचे म्हणून बाजूला सारले गेले. दुसऱ्या योजनेच्या काळात घाऊक भाव सुमारे तीस टक्के चढले. माझे आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. आजीच्या हिशेबाच्या वहीत ज्वारी आणि गोडेतेलाच्या रकमा वाढत जातात, पेन्शनची ओळ मात्र जागची हलत नाही. ज्यांना हे सोसावे लागले त्यांना 'पोलाद' ऐकवू नका.

भिलाईकर : आम्हाला ऐकवावेच लागेल. माझे वडील भंडाऱ्याकडचे, कोरडवाहू शेतीतले. १९५९ साली भिलाईच्या सरकारी पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि आमच्या घराण्यात प्रथमच दरमहा पगार येऊ लागला. तुमच्या आजोबांना पेन्शन तरी होती!

रोहेकर : या वादात आपल्या चिंतामणराव देशमुखांना विसरू नका. तुटीचा हा मार्ग पटेना, म्हणूनच त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले.

मुळाकाठ : हे साफ चूक आहे. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाचा निषेध म्हणून त्यांनी राजीनामा दिला. ज्या अर्थतज्ज्ञ मंडळापुढे शेणॉय एकटे पडले, त्याचे अध्यक्ष स्वतः देशमुखच होते.

रोहेकर : अध्यक्षपद म्हणजे संमती नव्हे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेल्या माणसाला नोटांचा धोका कळत नव्हता, असे आपण सुचवता आहात काय? कुलाब्याच्या मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाविषयी जपून बोलावे.

मुळाकाठ : त्यांच्याविषयी मलाही आदर आहे, म्हणूनच त्यांच्या त्यागाचे कारण बदलू देणार नाही. १०५ हुतात्म्यांच्या लढ्याशी जोडलेला राजीनामा तुटीच्या खात्यावर मांडणे हा त्या लढ्याचा अपमान आहे.

रोहेकर : राजीनाम्याचे कारण मुंबईच, हे मान्य करतो; बाकीच्या मुद्द्यावर आपला सूर मान्य नाही.

सातारकर : राजीनामा पुरे झाला. परकीय गंगाजळीतून, म्हणजे देशाच्या परकीय चलनाच्या साठ्यातून, दुसऱ्या योजनेच्या पाच वर्षांत २०० कोटी काढायचे ठरले होते, प्रत्यक्षात सुमारे ६०० कोटी गेले. नोटांमागे किमान ४०० कोटींचे परकीय रोखे ठेवण्याचे बंधन १९५६ मध्ये घातले आणि पुढच्याच वर्षी सोने व रोखे मिळून २०० कोटींवर आणले. देशमुखांनंतरचे अर्थमंत्री कृष्णमाचारी यांना संपत्तिकर आणि खर्चकर लावूनही हा ओघ आवरता आला नाही. शेणॉय यांचा इशारा आणखी किती खरा ठरायला हवा होता?

मुळाकाठ : गंगाजळीबाबत तुमचे म्हणणे नाइलाजाने मान्य करतो. तरी माझ्या मते खरे नुकसान १२०० कोटींच्या आकड्याने केले नाही. १९५५ मध्ये अशी व्यवस्था बसली की, शुक्रवारी सरकारची शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की तदर्थ हुंड्या, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे कर्जरोखे, आपोआप निघाव्यात आणि रिझर्व्ह बँकेने त्या घेऊन सरकारला पैसा द्यावा. त्यासाठी संसदेत कोणाला उभे राहावे लागत नव्हते. तात्पुरती म्हणून आलेली ही सोय १९९७ मध्ये बंद झाली.

भिलाईकर : त्या सोयीचा दोष भट्टीवर टाकू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.