फाइलची की, म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली, कुठे असते ते आधी बघा
वीट्रान्सफर, मेगा की प्रोटॉन ड्राइव्ह, फाइल पाठवायला यातलं सेफ काय असं विचारलंय ना, तर वीट्रान्सफर एंड-टू-एंड (म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच फाइल उघडता येईल असं) नाहीच, फाइल त्यांच्याकडे एन्क्रिप्ट होऊन पडते खरी पण किल्ली त्यांच्याच हातात. मेगाची लिंक नीट बघा, हॅशच्या (#) चिन्हानंतर जी लांबलचक अक्षरं असतात ना तीच ती किल्ली, म्हणजे की, आणि हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, सगळी गंमत तिथे आहे. पण पूर्ण लिंक एकाच मेलमध्ये टाकली तर काय उपयोग, मेल उघडेल त्याला फाइल मिळाली! मेगात लिंक आणि की वेगळी काढता येते, मी सीएला आयटीआरचे कागद पाठवताना लिंक मेलवर टाकतो आणि की फोनवरून सिग्नल या मेसेजिंग ॲपवर, तो वैतागतो, वैतागू दे. हां, २०२२ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी मेगाच्या एन्क्रिप्शनमध्ये भोकं दाखवली होती, नंतर पॅच आले, पण तेव्हापासून माझा जीव प्रोटॉनकडे जास्त ओढतो. फाइल पाठवायला फायरफॉक्स सेंड मस्त होतं राव, मालवेअरवाल्यांनी त्याची वाट लावली आणि २०२० मध्ये बंद झालं. कोणाच्याच सर्व्हरवर ठेवायचं नसेल तर ओनियनशेअर, त्यात फाइल थेट आपल्या लॅपटॉपवरून टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून जाते, फक्त समोरचा डाउनलोड करेपर्यंत आपला लॅपटॉप चालू ठेवावा लागतो आणि टॉरमुळे स्पीड बैलगाडीचा.