एसव्हीजीत क्लिकवर ॲनिमेशन, २ सेकंदांनी निवेदन: रेघ हलत नाही, आयफोनवर आवाज नाही

वक्ररेषा:
हृदयाची आकृती वेबपानातच एसव्हीजी (कोडने लिहिलेलं रेखाचित्र) म्हणून लिहिली आहे. त्यातल्या ‘ऐका’ या गटावर क्लिक झालं की रक्ताची लाल रेघ सरकावी आणि २ सेकंदांनी निवेदन सुरू व्हावं. गटाचा आयडी ‘ऐका-बटण’ आहे. हालचाल देणाऱ्या ॲनिमेट टॅगच्या बिगिनमध्ये (सुरुवात कधी ते सांगणारं मूल्य) तोच आयडी, पुढे डॉट क्लिक. रेघ जागची हलत नाही, कन्सोलवर एररही नाही. आवाजासाठी क्लिकवर सेटटाइमआउट हा टायमर लावून २ सेकंदांनी प्ले करतोय. तो डेस्कटॉपवर वाजतो, आयफोनवर नाही.

धागादोरा:
घोळ आयडीतल्या आडव्या रेघेचा (हायफनचा) आहे. बिगिनमध्ये ती वजाबाकीचं चिन्ह म्हणून वाचली जाते, कारण तिथे क्लिकला अधिक-उणे सेकंद जोडता येतात. मूल्य चुकीचं ठरलं की ब्राउझर ते निमूटपणे सोडून देतो. आयडी ‘ऐकाबटण’ करा.

ॲनिमेटमधल्या रीस्टार्टचं (पुन्हा क्लिक झालं तर काय करायचं ते) मूळ मूल्य ‘ऑलवेज’ असतं, म्हणजे दुसऱ्या क्लिकला रेघ पुन्हा शून्यावर येईल आणि निवेदन मात्र पुढे चालूच राहील. ‘व्हेननॉटॲक्टिव्ह’ द्या. शेवटी रेघ गायब व्हायला नको असेल तर ॲनिमेटमधल्या फिलला ‘फ्रीझ’ द्या. आणि ही आकृती उद्या इमेज टॅगमध्ये टाकू नका, तिथे आतल्या गटांपर्यंत क्लिक पोचत नाही.

नादबिंदू:
आवाजाचं कारण वेगळं. आयफोनवरचा सफारी आवाजाला परवानगी देताना प्ले वापरकर्त्याच्या स्पर्शातून आलं का ते पाहतो. २ सेकंदांनंतरच्या टायमरला तो स्पर्श मानत नाही. प्ले थेट क्लिकच्या फंक्शनमध्येच बोलवा, आधी कशाचीही वाट न बघता, आणि ध्वनिफाइलच्या सुरुवातीलाच २ सेकंदांची शांतता भरा. प्ले प्रॉमिस (यश की नकार ते नंतर कळवणारी वस्तू) परत देतं. त्याला कॅच लावा, नकार आला तर ‘नॉटअलाउडएरर’ हातात येईल.

वेब ऑडिओ (ब्राउझरमधली आवाजाची वेगळी व्यवस्था) वापरून ‘करंटटाइम अधिक २’ ला, म्हणजे आत्तापासून २ सेकंदांनी, स्टार्ट करणं जास्त नेमकं आहे, पण आयफोन सायलेंटवर असेल तर तो आवाज सहसा ऐकूच येत नाही. निवेदनासाठी साधा ऑडिओ टॅगच बरा.

वक्ररेषा:
दोन्ही चाललं. पण नेट मंद असलं की रेघ पुढे पळते, आवाज मागून येतो.

धागादोरा:
कारण आता दोन घड्याळं आहेत. एकच ठेवा, तेही आवाजाचं. बिगिन क्लिकवरून काढून ‘० सेकंद’ करा. पान उघडताच एसव्हीजीवर ‘पॉजॲनिमेशन्स’ बोलवा, म्हणजे त्याचं स्वतःचं घड्याळ थांबेल. मग रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमच्या (पडदा नव्याने रंगवण्याआधी ब्राउझर जे बोलावतो त्याच्या) प्रत्येक फेरीत एसव्हीजीच्या ‘सेटकरंटटाइम’ला ऑडिओचा करंटटाइम द्या. नेट अडकलं की रेघही थांबते, आणि सरकपट्टी मागे ओढली की रेघही मागे जाते. रीस्टार्टचा प्रश्नच उरत नाही.

ऑडिओच्या टाइमअपडेटवर (वेळ पुढे सरकल्याचं कळवणारा इव्हेंट) हे बांधू नका. तो इव्हेंट २५० मिलिसेकंदांच्या अंतरानेही येऊ शकतो, रेघ ठेचकाळत जाईल. मथळे बदलायला तो चालतो.

एक जपा: घड्याळ संपूर्ण एसव्हीजीचं असतं. त्याच आकृतीत हृदयाचे ठोके सतत चालू ठेवायचे असतील तर ते वेगळ्या एसव्हीजीत हलवा, नाहीतर तेही थांबतील.